एकच नाव, अनेक माणसे : चांद्याच्या इतिहासातील नामसाधर्म्य

नामसाधर्म्य म्हणजे काय

दोन किंवा अधिक व्यक्तींचे नाव एकच असणे म्हणजे नामसाधर्म्य. रोजच्या व्यवहारात त्याची फारशी अडचण होत नाही, कारण आडनाव, गाव किंवा टोपणनाव जोडून माणूस ओळखता येतो. इतिहासात मात्र ही जोड बहुधा गळून पडते आणि कागदावर नुसते नाव उरते. चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा, आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. या भागावर आधी गोंड राजांची, मग नागपूरकर भोसल्यांची आणि शेवटी इंग्रजांची सत्ता होती. तिन्ही काळांत नावांची पुनरावृत्ती आढळते, पण प्रत्येक वेळी तिचे कारण निराळे आहे.

नाव पुन्हा का येते

सर्वांत साधे कारण घराण्याची रीत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे आणि राजघराण्यांनीही ती पाळली. दुसरे कारण दत्तकविधान. दत्तक आलेल्या मुलाचे मूळ नाव बदलून त्याला घराण्यातील पूर्वजाचे नाव देत. येथे नाव वारसाहक्काचा पुरावा म्हणून काम करते. तिसरे कारण नावासारखा वापरला जाणारा किताब. चौथे कारण निव्वळ योगायोग. पहिली तीन कारणे व्यक्तींमधला संबंध दाखवतात, चौथे दाखवत नाही. नाव सारखे दिसले की नाते गृहीत धरण्याची घाई होते, ती याच ठिकाणी फसते.

गादीवरचे सहा बल्लाळ

चांद्याच्या गोंड राजांची परंपरागत यादी एकोणीस नावांची आहे. मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदी अहवालात ती नोंदवली आणि पुढचे बहुतेक लेखन तिच्यावरच उभे आहे. या यादीत बल्लाळ सहा वेळा येतो : भीम बल्लाळसिंह, खरजा बल्लाळसिंह, अंदिया बल्लाळसिंह, सूर्जा बल्लाळसिंह, खांडक्या बल्लाळशाह आणि बाबाजी बल्लाळशाह. येथे ओळख पटवण्याचे काम बल्लाळ हा शब्द करत नाही, त्याच्या आधीचे विशेषण करते. खांडक्या हा अंगावर गाठी उठलेला राजा. झरपट नदीकाठच्या कुंडातील पाण्याने त्याची व्याधी बरी झाली आणि तेथेच चंद्रपूर वसले, असे परंपरा सांगते. सूर्जा बल्लाळ दिल्लीला कैदेत राहून आला आणि बादशहाकडून शेरशाह हा किताब घेऊन परतला. त्याच्यानंतर यादीतला ‘सिंह’ संपतो आणि ‘शाह’ सुरू होतो. बल्लारपूरचा किल्लाही परंपरा याच सूर्जाला देते. गावाचे नाव बल्लाळावरून पडले हे खरे, पण तो नेमका कोणता बल्लाळ हे नावातून कळत नाही. गावाचे नाव बल्लारपूर आणि रेल्वे स्थानकाचे बल्लारशाह, म्हणजे प्रवाशाला राजाची उपाधी अजूनही फलाटावर वाचायला मिळते.

बाहेरचे बल्लाळ

कर्नाटकातील होयसळ घराण्यात तीन राजे बल्लाळ नावाचे झाले. त्यांपैकी तिसरा वीर बल्लाळ १३४२ पर्यंत राज्य करत होता. थोरला बाजीराव स्वतःला बाजीराव बल्लाळ म्हणवी. तेथे बल्लाळ हे वडिलांचे, म्हणजे बाळाजी विश्वनाथांचे, नाव आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांच्या नावातही तो शब्द त्याच जागी येतो. होयसळांचे राजनाव, कोकणस्थ घरांतले पितृनाव आणि चांद्याचे गोंड राजनाव या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. केवळ उच्चारसाम्यावरून चांद्याचा वंश होयसळांशी जोडायला आधार नाही.

यादीचे गणित

नावे पुन्हा आली की एकच राजा दोनदा मोजला जाण्याचा किंवा दोन राजे एकात मिसळण्याचा धोका असतो. तो ओळखण्याची एक साधी रीत आहे : राजांची संख्या आणि वर्षे यांचा मेळ घालून पाहणे. परंपरा पहिल्या भीम बल्लाळाला इसवी सन ८७० च्या सुमारास नेते आणि शेवटचा नीलकंठशाह १७५१ मध्ये सत्ता गमावतो. सुमारे ८८० वर्षे आणि एकोणीस राजे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सेहेचाळीस वर्षे. एखादा राजा एवढे राज्य करील, पण ओळीने एकोणीस जण करणार नाहीत.

यादीत पक्का खुंटा एकच मिळतो. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त बाबजी नावाचा गोंड जमीनदार येतो आणि तो चौदावा बाबाजी बल्लाळशाह मानला जातो. हा ग्रंथ १५९० च्या दशकातला. तेथून १७५१ पर्यंत बाबाजी धरून सहा राजे होतात, म्हणजे सरासरी सव्वीस-सत्तावीस वर्षे. हे प्रमाण पटण्याजोगे आहे. तेच मागे लावले तर भीम बल्लाळ नवव्या शतकातून तेराव्या शतकाच्या मध्याकडे सरकतो आणि नववा सूर्जा पंधराव्या शतकाच्या मध्याला येतो. दिल्लीचा शेरशाह सूर १५४० ते १५४५ या काळातला, म्हणजे सूर्जाच्या किताबाशी त्याचा संबंध लावणेही कठीण होते. हा हिशोब सरासरीवर बेतलेला आहे, तो कोणाच्या राज्यारोहणाची तारीख देऊ शकत नाही. यादी ताणलेली आहे, एवढे मात्र तो दाखवतो.

हिर, हिरा, हिराई

यादीत हिरसिंह तिसरा आणि हिरशाह अकरावा. खांडक्या बल्लाळाच्या राणीला लोकपरंपरा हिरातनी म्हणते. नगर वसवण्याचा सल्ला तिचा मानला जातो. सतराव्या शतकाच्या अखेरीस सतराव्या वीरशाहाची राणी हिराई येते. दुसऱ्या विवाहाच्या वेळी वीरशाहाचा खून झाला आणि खून करणाऱ्या अंगरक्षकाचे नाव परंपरा हिरामण असे सांगते. राणी हिराई, मारेकरी हिरामण : कादंबरीकाराने अशी नावे ठेवली असती तर संपादकाने एक बदलायला लावले असते.

हिराईने नात्यातल्या रामशाहाला दत्तक घेतले आणि त्याच्या लहानपणी कारभार सांभाळला. चंद्रपुरातील महाकालीचे मंदिर आणि वीरशाहाची समाधी ही तिची कामे. समाधी अचलेश्वर मंदिराला लागून आहे. त्याच अचलेश्वराची कथा मात्र खांडक्या बल्लाळाच्या कुंडाशी, म्हणजे हिरातनीच्या काळाशी, जोडलेली आहे. दोन राण्या, दोन काळ आणि एकच परिसर, त्यामुळे एकीचे श्रेय दुसरीकडे सहज जाते. येथे उपयोगी पडते ती वास्तू. समाधी वीरशाहाची आहे, म्हणून ती बांधणारी हिराई वीरशाहाचीच राणी असणार. नाव डगमगले तरी दगड आपल्या जागी असतो.

भोसल्यांची चार नावे

१७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी नीलकंठशाहाला बाजूला करून चांदा घेतला. नागपूरकर घराण्यात परसोजी, रघूजी, जानोजी आणि मुधोजी ही चार नावे आलटून पालटून येतात. पहिल्या रघूजींच्या वडिलांचे नाव बिंबाजी, आणि रघूजींचा रतनपूरला राहिलेला मुलगाही बिंबाजी. पहिल्या रघूजींचा मुलगा मुधोजी आणि मुधोजींचा मुलगा दुसरा रघूजी. निपुत्रिक जानोजींनी याच रघूजीला दत्तक घेतले. पुढे मुधोजींचा नातू पुन्हा मुधोजी झाला आणि तो अप्पासाहेब या नावाने प्रसिद्ध आहे.

तिसरा रघूजी हा दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा. १८१८ मध्ये इंग्रजांच्या मान्यतेने तो दत्तक म्हणून गादीवर आला आणि त्याचे नाव रघूजी ठेवले गेले. तो ११ डिसेंबर १८५३ रोजी वारला तेव्हा औरस पुत्र नव्हता. राण्यांनी यशवंतराव अहेरराव या मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी ठेवले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले. तीनच आठवड्यांपूर्वी, २१ नोव्हेंबर १८५३ रोजी, झाशीचे गंगाधरराव वारले होते. त्यांनी दत्तक घेतलेल्या आनंदरावाचे नाव दामोदरराव ठेवले होते, आणि ते त्यांच्या दिवंगत औरस मुलाचेच नाव होते. नागपूर आणि झाशी दोन्हीकडे जुने नाव देऊन वारसा सांगितला गेला. कंपनी सरकारने नाव चालू दिले, राज्य दिले नाही. जानोजींना पुढे देऊरचे राजेबहादूर हा मान मिळाला, इतकेच.

अप्पासाहेब आणि चांदा

मुधोजी आणि अप्पासाहेब ही एकाच माणसाची दोन नावे. चांद्याशी मुधोजींच्या शाखेचा संबंध जुना. पहिल्या मुधोजींना वाटणीत सेनाधुरंधर हा किताब आणि चांदा-छत्तीसगडचा मुलूख मिळाला होता. अप्पासाहेबांचे वडील व्यंकोजी यांच्याकडेही तोच प्रांत होता. १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले, त्यांचे दुर्बळ पुत्र दुसरे परसोजी गादीवर आले आणि कारभार अप्पासाहेबांकडे गेला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी नागपुरात मृतावस्थेत आढळले. त्या वेळी अप्पासाहेब नागपुरात नव्हते, चांद्याकडे गेले होते. खुनाचा संशय तरीही त्यांच्यावरच आला. नोव्हेंबरात अप्पासाहेबांची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली आणि २० मे १८१८ रोजी इंग्रजांनी चांद्याचा किल्ला हल्ला करून घेतला. किल्लेदार गंगासिंह त्यात पडला.

या प्रकरणात दुसरा घोटाळा अप्पासाहेब या घरगुती नावाचा आहे. दत्तक येण्यापूर्वी यशवंतरावालाही अप्पासाहेबच म्हणत. १८४८ मध्ये वारलेले साताऱ्याचे शहाजी महाराजही अप्पासाहेब, आणि त्यांचेही राज्य दत्तक नाकारून खालसा झाले. खालसा संस्थानांवरील लेखनात नुसता अप्पासाहेब आला की तो नागपूरचा की साताऱ्याचा हे आधी ठरवावे लागते.

क्रमांक आणि त्यांची मर्यादा

पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमांक इतिहासकारांनी मागाहून लावलेले आहेत. दुसऱ्या रघूजींनी स्वतःला कधी दुसरे म्हटले नाही. युरोपात राजे स्वतः क्रमांक लावत, पण तेथेही तो राजकीय असे. फ्रान्समध्ये सोळाव्या लुईनंतर गादीवर आलेला राजा अठरावा लुई म्हणवला गेला, कारण कैदेत मेलेल्या राजपुत्राला राजनिष्ठांनी सतरावा मोजले होते. मराठी कागदांत ही सोय नाही. तेथे ओळख पटते ती किताब, शिक्का, नात्याचा उल्लेख आणि तारीख यांवरून. नागपूरकर भोसल्यांचा सेनासाहेबसुभा हा किताबही वंशपरंपरेने पुढच्याकडे जात असल्याने त्यावरून पद कळते, व्यक्ती नाही.

उरते तारीख. मोडी पत्रांत वर्ष दाखवणारा शुहूर सन दिलेला असेल तर काम सोपे होते. पण खासगी पत्रात पुष्कळदा नुसती तिथी आणि महिना असतो, वर्ष नसते. ‘रघूजी’ आणि ‘मार्गशीर्ष शुद्ध पंचमी’ एवढ्यावरून ते पत्र १७५० चे की १८०० चे हे सांगता येत नाही. मग मजकुरातले दुसरे नाव शोधावे लागते : एखादा कारभारी, एखादी मोहीम, निजामाचा वकील. एका माणसाची ओळख दुसऱ्या माणसावरून पटते. त्या दुसऱ्याचे नावही घराण्यात फिरणारे असेल तर तिसरा शोधावा लागतो.

एकाच वर्षातील दोन लक्ष्मीबाई

काळ वेगळा असला की क्रमांकाने भागते. काळही एकच असेल तर स्थळाशिवाय मार्ग नसतो. १८५८ हे त्याचे नेमके उदाहरण. झाशीची राणी लक्ष्मीबाई इंग्रजांशी लढत जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ पडली. त्याच वर्षी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई इंग्रजांच्या बाजूने उभी होती. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी मार्चपासून उठाव केला होता. एप्रिलअखेर प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. चांद्याचा अधिकारी कॅप्टन क्रिक्टन याने अहेरीवर दडपण आणले. लक्ष्मीबाईच्या माणसांनी सप्टेंबरात बाबूरावांना पकडून दिले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका, लक्ष्मीबाई हे सासरी मिळालेले. अहेरीच्या लक्ष्मीबाईशी तिचा नात्याचा, प्रांताचा किंवा पक्षाचा काहीच संबंध नाही. त्या वर्षीच्या एखाद्या नोंदीत लक्ष्मीबाईला बक्षीस दिल्याचा उल्लेख आला तर ती कोणती, हे शेजारच्या गावाच्या नावावरूनच कळते. येथे ती गावे अडपल्ली-घोटची आहेत. व्यंकटरावांची जप्त केलेली जमीनदारी अहेरीला इनाम मिळाली. स्वतः व्यंकटराव बस्तरकडे निसटले होते. १८६० मध्ये ते इंग्रजांच्या हाती लागले आणि त्यांना जन्मठेप झाली.