पंच कोणाचा?

‘पंच’ हा शब्द मुळात पाचांचा. गावात तंटा उभा राहिला की पाच जाणती माणसे चावडीवर बसत, दोन्ही बाजू ऐकून घेत, रात्रभर विचार करीत आणि मग निवाडा देत. पाचामुखी परमेश्वर ही म्हण त्या व्यवस्थेतूनच आली. पुढे खेळाच्या मैदानावर हे पाचांचे काम एकट्या माणसावर येऊन पडले. नाव मात्र तेच राहिले. त्याला विचाराला रात्र मिळत नाही, घटिका मिळत नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शिट्टी फुंकावी लागते. आणि तरीही त्याच्याकडून आपली अपेक्षा परमेश्वराचीच असते.

ही अपेक्षा पुरी झाली नाही की आपण काय म्हणतो? ‘पंच चुकला’ असे म्हणणारे थोडे. ‘पंच त्यांचा आहे’ असे म्हणणारेच पुष्कळ. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या मैदानांवर कबड्डीचे सामने पाहणाऱ्यांना हे सांगायला नको. चढाई करणाऱ्याने निदानरेषा ओलांडली की नाही, याविषयी मैदानाच्या दोन बाजूंना दोन मते असतात आणि ती मते रेषेकडे पाहून बनलेली नसतात. चूक आणि पक्षपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक डोळ्यांची असते, पक्षपात मनाचा. पंचाचे मन आपल्याला दिसत नाही. मग त्याचा पक्षपात आपल्याला इतक्या खात्रीने कसा दिसतो, हा आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

उदाहरण आपल्या उपनगरातलेच घेऊ. २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलातील मैदानावर मुंबई सिटी आणि कलकत्त्याचा मोहन बागान यांच्यात इंडियन सुपर लीगचा फुटबॉल सामना झाला. तेराव्या मिनिटालाच मुंबईच्या आकाश मिश्राला लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आले. मुंबई दहा खेळाडूंवर आली आणि बागानने गोलही केला. मध्यंतराच्या सुमारास ग्रेग स्ट्यूअर्टने बरोबरी साधली. उत्तरार्धात अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने बागानचे आशिष राय आणि लिस्टन कोलासो हे दोघे बाहेर गेले. बिपिन सिंगच्या गोलाने मुंबईने सामना २–१ असा जिंकला; पण कार्डे थांबली नाहीत. सामन्याच्या अखेरीस आणि शेवटच्या शिट्टीनंतरच्या रेटारेटीत आणखी खेळाडूंना कार्डे मिळून एकूण लाल कार्डांचा आकडा सातावर गेला: चार मुंबईची, तीन बागानची. या स्पर्धेत एका सामन्यात इतकी लाल कार्डे त्याआधी कधीच निघाली नव्हती.

आता यात पंच कोणाचा होता? मुंबईच्या प्रेक्षकाला विचाराल तर पहिले कार्ड आमच्यावर, सातपैकी चार आमच्यावर. बागानच्या प्रेक्षकाला विचाराल तर बरोबरी असताना लागोपाठ दोघे आमचे गेले आणि सामना तिथेच फिरला. दोन्ही हिशेब खरे आहेत. एकाच वहीतली दोन पाने आहेत ती. ज्याने त्याने आपापले पान फाडून घरी नेले, इतकेच.

हे असे का होते याचा शोध फार पूर्वी घेतला गेला आहे. १९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा त्यांच्याकडील फुटबॉलचा एक दांडगाईचा सामना झाला. एकाचे नाक फुटले, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय मोडला. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि दिसतील ते नियमभंग टिपायला सांगितले. चित्रफीत एकच, नियम एकच. पण प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे जितके नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते! यात कोणी खोटे बोलत नव्हता. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचे म्हणणे असे की, ‘तिथे असलेला’ एकच सामना सर्वांनी पाहिला असे मानणेच चूक. प्रत्येकाने आपला सामना पाहिला. आमच्या मते पंचांविषयीच्या कोणत्याही चर्चेचा आरंभ या निबंधापासून व्हावा.

परंतु म्हणून सगळा दोष प्रेक्षकाच्या डोळ्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. पंचही माणूसच आहे, आणि प्रेक्षकांचा कोलाहल त्याच्या कानांवर पडतोच. इंग्लंडमध्ये नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक साधा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूलच्या मैदानावरील एका सामन्यातले सत्तेचाळीस प्रसंग दाखवले. काहींना आवाजासह, काहींना मुक्याने. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. यातली बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आवाजाने पंच पाहुण्यांवर तुटून पडले नाहीत. यजमानांना शिक्षा करताना त्यांचा हात किंचित आखडला. ज्या प्रसंगात शंका आहे, तिथे हजारो माणसे ‘नाही, नाही’ म्हणून ओरडत असतील तर शंकेचा फायदा कोणीकडे जाईल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ कशाला हवा! तरी त्यांनी मोजून दाखवले हे बरे केले.

स्पेनमधील सामन्यांचा अभ्यास याहून चतुर आहे. पेनल्टी द्यावी की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून त्या अभ्यासकांनी वाद होणार नाही अशी गोष्ट निवडली: सामन्याच्या अखेरीस पंच वाढवून देतो ती मिनिटे. यजमान संघ एका गोलाने मागे असला तर ही मिनिटे, तो एका गोलाने पुढे असतानाच्या मानाने, जवळजवळ दुप्पट भरत होती. यात लाच नव्हती, कट नव्हता. घड्याळ हातात असलेल्या माणसाला भोवतीच्या गर्दीची निकड कळत होती. पुढे २०२० साली साथीमुळे युरोपातील सामने रिकाम्या मैदानांवर खेळवावे लागले, तेव्हा न मागता याची फेरतपासणी झाली. प्रेक्षक गेले आणि पाहुण्या संघांना दाखवल्या जाणाऱ्या पिवळ्या कार्डांचे प्रमाण घटले.

आणखी एक प्रवृत्ती सांगायला हवी, ती म्हणजे भरपाईची. एका बाजूला मोठा निर्णय दिल्यावर दुसऱ्या बाजूलाही काही देऊन तराजू सारखा करावा, असे पंचाच्या मनात नकळत येते. २००१ साली जर्मन संशोधकांनी प्रयोगातून दाखवले की, एका संघाला एकदा पेनल्टी दिली की त्याच संघाला दुसरी मिळण्याची शक्यता कमी होते आणि प्रतिपक्षाला मिळण्याची वाढते. अंधेरीच्या सामन्यात असे झाले असे आमचे म्हणणे नाही. एका सामन्यावरून तसे सिद्ध करताच येणार नाही. पण ‘चार आणि तीन’ असा आकडा पाहून ‘दोघांनाही सारखेच दिले, म्हणजे पंच निःपक्ष’ असा जो युक्तिवाद करतात, तो कच्चा आहे एवढे खरे. समान शिक्षा हा न्यायाचा पुरावा नव्हे. तसेच उलट बाजूने, एका संघाला पेनल्ट्या अधिक मिळाल्या एवढ्यावरून पक्षपातही सिद्ध होत नाही. जो संघ प्रतिपक्षाच्या गोलापाशी अधिक वेळ असतो त्याला त्या अधिक मिळणारच.

पंचांवरील अविश्वास किती थराला जातो हे पाहायचे तर स्कॉटलंडकडे पाहावे. ग्लासगो शहरात सेल्टिक आणि रेंजर्स असे दोन संघ. पहिला आयरिश कॅथलिक वस्तीतून, गरिबांना मदत म्हणून उभा राहिलेला. दुसरा प्रॉटेस्टंटांचा मानला गेलेला. सेल्टिकवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार अशी की पंच रेंजर्सचे. आणि रेंजर्सवाल्यांना विचाराल तर ते नेमके उलटे सांगतात. (अंधेरीत गोल करणारा स्ट्यूअर्ट हा त्याच स्कॉटलंडचा आणि पूर्वी रेंजर्सकडून खेळलेला.) १९९९ च्या मे महिन्यात सेल्टिकच्या मैदानावर पंच ह्यू डॅलस यांच्या डोक्यावर प्रेक्षकांतून नाणे येऊन आदळले आणि रक्त आले.

पण त्याहून शिकण्यासारखा प्रसंग २०१० चा. डंडी युनायटेडविरुद्धच्या सामन्यात पंच डगी मॅकडॉनल्ड यांनी सेल्टिकला पेनल्टी दिली आणि लगेच ती मागे घेतली. मागे घेणे योग्यच होते. पण ती का मागे घेतली याची जी हकीकत त्यांनी सांगितली, ती खरी नव्हती. साहाय्यकाने बोलावून चूक दाखवली असे सांगितले गेले, वस्तुतः चूक त्यांची त्यांनाच कळली होती. निर्णय बरोबर आणि कारण खोटे! एवढ्यावरून जे वादळ उठले त्यात पंचांच्या सचोटीवर उघड शंका घेतल्या गेल्या, आणि नोकरीधंदा सांभाळून शनिवारी शिट्टी फुंकणारे ते पंच नोव्हेंबरच्या अखेरीस चक्क संपावर गेले. इस्रायल, माल्टा, लक्झेंबर्ग अशा देशांतून पंच आणून सामने उरकावे लागले. पंच चुकल्याने जेवढे बिघडले नसते तेवढे कारण लपवल्याने बिघडले.

आपल्याकडे पंचावर हात टाकण्यापर्यंत गोष्ट जात नाही अशी कोणाची समजूत असेल तर २ फेब्रुवारी २०२५ चे अहिल्यानगर आठवावे. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला; माझे खांदे टेकलेच नाहीत असे शिवराज राक्षेचे म्हणणे. वाद वाढला, त्याने पंचाची गचांडी धरली आणि लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून आखाडा सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. खांदे टेकले की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला, कारण लाथेनंतर तो कोणी ऐकून घेईना. तक्रार खरी असलेल्या मल्लाचेही अशाने नुकसानच होते.

मग उपाय काय? एक उपाय क्रिकेटने केला, आणि त्यात आपल्या मुंबईच्या माणसाचा हात आहे. यजमान देशाचे पंच यजमानांची बाजू घेतात ही क्रिकेटमधील जुनी तक्रार. १९८६ साली इम्रान खानच्या आग्रहावरून पाकिस्तान–वेस्ट इंडीज सामन्यात लाहोरला दोन भारतीय पंच उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. १९१२ ची तिरंगी स्पर्धा सोडली तर कसोटीत त्रयस्थ पंचांची ही पहिलीच वेळ. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे ठेवण्याची पद्धत पडली. रिपोर्टर २०२३ साली ठाण्यात वारले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या लाहोरच्या सामन्याची आठवण काढलीच.

गंमत अशी की, यजमान पंच यजमानांचाच घात करतो याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मुंबईतच घडलेला आहे. फेब्रुवारी १९४९, ब्रेबर्न स्टेडियम, वेस्ट इंडीजविरुद्ध पाचवी कसोटी. विजयाला ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी शतक ठोकले, फडकर झुंजत होते, आणि धावसंख्या आठ बाद ३५५ असताना भारतीय पंचाने षटक पुरे होण्याआधीच बेल्स उचलल्या. सहा धावा राहिल्या. भारताला तोवर एकही कसोटी जिंकता आलेली नव्हती. हाच निर्णय पाहुण्यांच्या वाट्याला आला असता तर त्याला आपण काय म्हटले असते आणि त्यांनी काय म्हटले असते, याचा वाचकांनीच विचार करावा.

दुसरा उपाय यंत्राचा. स्कॉटलंडने ऑक्टोबर २०२२ मध्ये चित्रफीत पाहून निर्णय तपासणारा पंच आणला. तक्रारी संपल्या नाहीत, त्या मैदानातून उठून त्या पडद्यामागच्या खोलीत गेल्या. अंधेरीच्या सामन्यात असे साहाय्य नव्हतेच. बंगळुरूला ३ मार्च २०२३ रोजी सुनील छेत्रीने झटकन घेतलेल्या फ्री-किकचा गोल पंचाने मान्य केला, तेव्हा केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून निघून गेला आणि त्यांना चार कोटी रुपये दंड झाला. तिथेही पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. सोय असती तर वाद टळला असता असे आम्ही म्हणत नाही, पण त्याला निदान विषय मिळाला असता.

यंत्रापेक्षा आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आणि स्वस्त उपाय: कारण सांगणे. २०२३ च्या महिला विश्वचषकात चित्रफीत पाहून दिलेला निर्णय आणि त्याचे कारण पंच ध्वनिक्षेपकावरून सगळ्या मैदानाला सांगत होते. आपल्या उपनगरातील मंडळांच्या सामन्यांत ध्वनिक्षेपक असतोच. तो सामना चालू असता बहुधा देणगीदारांची नावे वाचण्यात गुंतलेला असतो. त्यातली दोन मिनिटे पंचाला द्यायला हरकत नाही. आणि पंच शक्य तर दुसऱ्या उपनगरातून बोलवावा, त्याचे मानधन व जाण्यायेण्याचा खर्च सामना सुरू होण्यापूर्वीच त्याच्या हाती द्यावा. विजयी मंडळाच्या कार्यकर्त्याकडून ते संध्याकाळी घेण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.