सुरी लागली म्हणून गाठ पसरत नाही

पीथमपूर, धार, देवासकडच्या मराठी घरांत कुणाच्या मणक्यात गाठ निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सुरी लावू देऊ नका, हवा लागली की अंगभर पसरते." या वाक्यापायी माणसं मालिश आणि काढ्यांत महिने घालवतात आणि पाय लुळे पडल्यावर, लघवी अडल्यावर इंदूर गाठतात. चीड येते ती याची.

हवेने कुठलीच गाठ पसरत नाही. मज्जारज्जूत उगम पावणाऱ्या गाठी मुळातच विरळ, आणि त्यांनी फुप्फुस किंवा यकृत गाठणं त्याहून विरळ. मज्जारज्जूच्या शेपटाकडे होणारी मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमा ही गाठ घ्या. जेम्स कर्नोहन यांनी 1932 साली तिचं वर्णन केलं. ती सावकाश वाढते, म्हणून बरीच वर्षं पहिल्या, सर्वांत सौम्य श्रेणीत होती. ती पुन्हा उद्भवते आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून पसरते हे दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2021च्या वर्गीकरणात तिला दुसऱ्या श्रेणीत टाकलं. फुप्फुसापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत, पण मोजक्याच.

अफवेत एक कण खरा आहे. शस्त्रक्रियेत गाठीचं आवरण फुटलं तर पेशी त्या पाण्यात सांडू शकतात. म्हणूनच सर्जन ती शक्यतो अखंड काढतात. लहान असताना ते जमतं. मोठी होऊन नसांना चिकटली की तुकड्यांनी काढावी लागते. म्हणजे धोका वाढतो तो थांबल्याने!

मणक्यातली प्रत्येक गाठ तिथलीच नसते. बहुतेक वेळा स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर तिथे आलेला असतो. आणि मणका पोखरला म्हणजे कॅन्सरच असंही नाही, क्षयरोगही तेच करतो आणि तो औषधांनी बरा होतो. कारणांचं म्हणाल तर, कारखान्यात ओझं उचलून मणक्यातली चकती सरकू शकते, गाठ होत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून जानेवारी 2025मध्ये आलेल्या 337 टन विषारी कचऱ्याबद्दल पीथमपूरकरांनी जाब विचारावाच, पण तो जाळल्याच्या धुराने मज्जारज्जूत गाठ होते याला पुरावा नाही. आणि गाठ काढली म्हणजे सुटलो, असंही नाही. पुढे अनेक वर्षं एमआरआय करत राहावं लागतं.

आडवं पडल्यावर वाढणारी कंबरदुखी आठवड्यांमागून आठवडे टिकली तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.