चिनी भाषेतील भाग्यशब्द : श्लेष आणि सावधपणा

सुदैव, दैवी कृपा, समृद्धी आणि सुख या सर्व छटा सामावून घेणारा चिनी भाषेतील शब्द म्हणजे ‘फू’. शांग राजवंशाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १२०० च्या सुमारास, शकुन पाहण्यासाठी बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर जे लेख कोरले जात, त्यांत या शब्दाच्या चिन्हात दोन हातांनी मद्याचे पात्र उचलून वेदीपुढे धरलेले दिसते. पूर्वजांना आणि देवतांना विधिपूर्वक अर्पण करावे व त्यांच्याकडून कृपा मिळवावी, या व्यवहारातून ही कल्पना आकाराला आली असल्यामुळे चिनी परंपरेत भाग्याला निमंत्रण द्यावे लागते.

या भाग्यात नेमके काय काय येते, याची सर्वांत प्रसिद्ध प्राचीन यादी ‘शूचिंग’ या इतिहासविषयक अभिजात ग्रंथात आढळते. तिला ‘वू फू’, म्हणजे पाच सौख्ये, असे म्हणतात : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य व स्वास्थ्य, सदाचाराची आवड आणि आयुष्याची दोरी पुरी झाल्यावर स्वाभाविकपणे येणारा मृत्यू. पुढे हान काळातील विचारवंत ह्वान तान याने जी पाच सौख्ये सांगितली, त्यांत सदाचार आणि स्वाभाविक मृत्यू यांची जागा उच्च पद आणि भरपूर संतती यांनी घेतली. लोकांच्या मनातील सुखाची कल्पना त्या नव्या यादीच्याच अंगाने वाढत गेली. घरोघरी पुजले जाणारे फू, लू आणि शौ हे तीन तारकादेव अनुक्रमे भाग्य, अधिकारपद आणि दीर्घायुष्य यांचे अधिपती मानले जातात.

भाग्याला बोलावण्याचे लोकप्रचलित साधन मात्र श्लेष हे आहे, आणि त्याचे कारण भाषेच्या घडणीत सापडते. मँडरिन या प्रमाण चिनी बोलीत उच्चाराचे आरोह-अवरोह, म्हणजे सूर, बाजूला ठेवले तर सुमारे ४०० च वेगवेगळे उच्चारघटक उरतात. त्यामुळे समोच्चारी शब्दांची संख्या अफाट आहे आणि एका वस्तूचे नाव घेताच दुसऱ्याच अर्थाचा ध्वनी उमटतो. वटवाघळाला चिनीत ‘फू’ असेच म्हणतात, म्हणून भारतीय वाचकाला अशुभ वाटणारा हा प्राणी छिंग काळातील चिनी मातीच्या भांड्यांवर आणि राजवस्त्रांवर मोठ्या हौसेने चितारलेला दिसतो. ‘शौ’ या अक्षराभोवती फेर धरलेली पाच वटवाघळे दिसली, की पाच सौख्ये व त्यांत अग्रभागी दीर्घायुष्य, असा अर्थ जाणकाराला लगेच लागतो. नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात अखंड मासा वाढतात आणि त्यातला थोडा मुद्दाम शिल्लक ठेवतात, कारण ‘यू’ म्हणजे मासा आणि ‘यू’ म्हणजेच शिल्लक; ‘निएन निएन यौ यू’ ही त्या दिवसाची शुभेच्छा, दरवर्षी गाठीला काही उरो, अशी आहे. दारावर लाल कागदावरील ‘फू’ हे अक्षर पुष्कळदा उलटे चिकटवतात, कारण ‘दाओ’ या उच्चाराचा एक अर्थ उलटे आणि दुसरा अर्थ येऊन पोहोचणे असा होतो. पाहणारा ‘फू उलटा झाला’ म्हणाला, की ‘भाग्य आले’ हे शब्द आपोआप त्याच्या तोंडून निघतात. लग्नघरात आनंदवाचक ‘शी’ हे अक्षर दोनदा जोडून केलेले ‘श्वांग शी’, म्हणजे जोडआनंद, दारे-खिडक्यांवर झळकते.

हाच न्याय अशुभालाही लागू होतो. घड्याळ भेट देणे आणि मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणे या दोन्ही क्रियांचा उच्चार ‘सुंग चुंग’ असा असल्याने भिंतीवरचे घड्याळ भेट देत नाहीत, तर चार या अंकाचा उच्चार मृत्युवाचक शब्दाच्या जवळचा असल्याने तो अंक टाळतात. उलट आठ म्हणजे ‘बा’ हा भरभराटवाचक ‘फा’ या शब्दाशी जुळतो. बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता ठेवण्यात आले, ते याच समजुतीला धरून.

भाग्याला असे आग्रहाने बोलावणारी ही भाषा आलेल्या भाग्यावर मात्र चटकन विश्वास टाकत नाही. ‘छंगयु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बहुधा चार अक्षरी वाक्प्रचारांमध्ये ‘साय वंग श मा’, म्हणजे सीमेवरील म्हाताऱ्याचा घोडा हरवला, हा अतिशय परिचित आहे. इ.स.पू. १३९ मध्ये राजपुत्र लिउ आन याने सम्राट वू याला सादर केलेल्या ‘ह्वायनानत्स’ या ग्रंथात त्याची मूळ कथा येते. म्हाताऱ्याचा पळालेला घोडा काही महिन्यांनी दुसरा उमदा घोडा घेऊन परततो, त्यावरून पडून मुलाचे मांडीचे हाड मोडते आणि पुढे युद्धात गावचे बहुतेक तरुण मारले जात असताना तो लंगडा मुलगा वाचतो. शेजारी प्रत्येक वेळी सांत्वन किंवा अभिनंदन करायला येतात आणि म्हातारा प्रत्येक वेळी निकाल देण्याचे टाळतो. ‘जे होते ते भल्यासाठीच’ असे मराठीत म्हणतात, पण म्हातारा तेवढेही गृहीत धरत नाही. घोडा परत आल्यावर हे संकटही ठरू शकेल, असे तोच बजावतो. नोकरी गेलेल्याला किंवा परीक्षेत नापास झालेल्याला आजही हा वाक्प्रचार ऐकवून धीर दिला जातो.

‘ज त्सू छांग ल’, म्हणजे समाधानी माणूस नेहमी आनंदी, हा आणखी एक चार अक्षरी वाक्प्रचार सुखाचा संबंध लाभाशी न जोडता, पुरे कधी म्हणावे या समजेशी जोडतो. लोकांच्या यादीतून गळालेले आचरणाचे मूल्य अशा वाक्प्रचारांनी रोजच्या बोलण्यात जपले आहे. त्यामुळे मासा, वटवाघूळ आणि आठाचा अंक यांच्या आधारे समृद्धी मागणाऱ्या घरातच, ती मिळाली तरी हुरळू नये आणि गेली तरी खचू नये, हे शिकवणारी भाषाही बोलली जाते.