डोळ्यातलं तेल काढल्यावर

भवानीनगरला छत्रपती साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की बाकीची कामं मागे पडतात. पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनमध्ये डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेला माणूसही म्हणतो, ‘पट्टा पडल्यावर, हंगाम संपला की काढू.’ दिसतंय बरं, दुखत नाही, मग घाई कशाला?

तेल भरतात ते सुटलेला पडदा मागच्या भिंतीला टेकून राहावा म्हणून. ही वाट अमेरिकेत पॉल सिबिस यांनी १९६२ च्या सुमारास दाखवली. पडदा चिकटवायला मारलेल्या लेसरचे वण धरेपर्यंत आणि आत जखमेची साय धरून पडदा ओढला जाण्याचा धोका ओसरेपर्यंत तेलाचा आधार लागतो. मात्र ते पाण्याहून हलकं, रश्श्यावरच्या तर्रीसारखं वरच राहणारं. म्हणून पडद्याच्या खालच्या भागाला त्याचा टेकू सगळ्यात कमी. पालथं झोपायला सांगतात तेही यामुळेच.

साधारण तीन ते सहा महिन्यांनी तेल काढतात. जास्त राहिलं तर त्याचे बारीक थेंब होतात, डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, बुबुळ पांढुरकं पडू शकतं. मोतीबिंदू तर बहुतेकांना होतोच, आणि तो अनेकदा तेल काढतानाच काढतात. काही नाजूक डोळ्यांत मात्र तेल मुद्दाम कायम ठेवावं लागतं. तो निर्णय डॉक्टरांचा, हंगामाचा नव्हे.

काढताना बारीक छिद्रांतून तेल ओढून घेतात आणि त्याच वेळी सलाइन आत सोडतात. मग पडदा कडेपर्यंत तपासतात.

यानंतर ‘पडदा टिकला का’ आणि ‘नजर आली का’ हे दोन वेगळे प्रश्न. बहुतेकांचा पडदा टिकतो. काहींचा पुन्हा सुटतो, विशेषतः जुनी साय ओढत असेल तर, आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. नजर किती येणार हे बरंचसं पहिल्या ऑपरेशनआधीच ठरलेलं असतं: पडद्याचा मधला बिंदू सुटला होता का, आणि किती दिवस. क्वचित पडदा जागेवर असूनही नजर उतरते. चष्म्याचा नंबरही बदलतो. नैसर्गिक भिंग शाबूत असलेल्या डोळ्यात तेलामुळे पाच-सहा प्लस नंबर आलेला असतो, तो तेलाबरोबर जातो. त्यामुळे तेल असताना महागडा चष्मा करणं मला तरी फुकटचा खर्च वाटतो.

उरलेले थेंब काही दिवस तरंगताना दिसतात. ते असतात वर, पण पडद्यावर प्रतिमा उलटी पडत असल्याने दिसतात खाली. त्याला घाबरायचं कारण नाही. बाजूने काळी सावली सरकत आली किंवा विजेसारखं चमकू लागलं, तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे जायचं.