जुने छोटे स्पीकर आणि योग्य अॅम्प्लिफायर : खरेदीपूर्वी घ्यावयाची खबरदारी

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांतील एखादा माणूस आखाती देशात कामाला होता. तो सुट्टीवर घरी येई तेव्हा ब्लँकेट, अत्तर आणि कापडाच्या तागांबरोबर एक जपानी म्युझिक सिस्टिमही हमखास आणी. आज त्या सिस्टिमचा टेप बंद पडला आहे, पट्टे वितळले आहेत. परंतु दोन्ही बाजूंचे लाकडी खोके, म्हणजे स्पीकर, अजून माळ्यावर पडून आहेत. भंगारवाला ते किलोच्या भावाने मागतो. त्यातील बरेच स्पीकर आजही उत्तम वाजू शकतात, फक्त त्यांना योग्य अॅम्प्लिफायर मिळाला पाहिजे. हा योग्य जोड कसा जमवावा, याची माहिती घरगुती ग्राहकाला जितकी उपयोगी तितकीच दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनाही उपयोगी आहे.

आमच्या घरीही असा एक जोड आहे. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाईजान म्हणत असू, यांनी १९८६ साली जिद्दाहून तो आणला. भाईजान अल्लाहला प्यारे झाले. त्यांचा मुलगा नगरला मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो. तो एकदा म्हणाला, "चाचा, अब्बांचे स्पीकर पुन्हा वाजवायचे का?" मी होकार दिला आणि नको ती घाई केली. शेजारच्या शहरातील एका दुकानातून, खोक्यावर "३००० वॅट पीएमपीओ" असे छापलेला अॅम्प्लिफायर घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी मीच आवाजाचे बटण पुढे ढकलले. आवाज फाटला, जळका वास आला आणि एका बाजूचा ट्वीटर कायमचा गप्प झाला. दुकानदाराने माल परत घेण्यास नकार दिला. दोष अर्धा त्याचा होता, अर्धा माझा. कापडाचा पन्ना मोजल्याशिवाय मी कधी ठाण उचलले नाही, आणि येथे मात्र नुसता छापील आकडा वाचून पैसे दिले.

नंतर पुतण्याला घेऊन नगरच्याच एका वयस्कर रेडिओ मेकॅनिककडे जाऊन बसलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी जे समजावले आणि पुतण्याने स्वतः करून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

पीएमपीओचा आकडा सोडून द्यावा

पीएमपीओ या आकड्याला कोणतेही ठरलेले माप नाही. उत्पादक हवा तो आकडा छापू शकतो. खरे माप आरएमएस वॅटचे, म्हणजे अॅम्प्लिफायर सतत किती ताकद देऊ शकतो त्याचे. ते ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे आत किती वीज जाते ते पाहणे. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिले असेल तर आत फक्त २४ वॅट जातात. बाहेर सतत शंभर वॅट निघणार कुठून? माझ्या ३००० वॅटच्या खोक्यात असाच अडॅप्टर निघाला.

रिक्षा आणि ट्रॅक्टरमध्ये वर्षानुवर्षे वाजत आलेला ४४४० आयसीचा बोर्ड कारागिरांना ठाऊक आहेच. बॅटरीवर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर तो एका बाजूला सुमारे ६ वॅट देतो. आजकाल टीपीए ३११६ या आयसीचे लहान बोर्ड स्वस्तात मिळतात. या जातीच्या बोर्डाची कमाल ताकद काढण्यासाठी व्होल्टला व्होल्टने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला ओहमच्या दुपटीने भागावे. ६ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टवर एका बाजूस १२ वॅट मिळतात. तोच बोर्ड १९ व्होल्टवर चालवला तर ३० वॅट मिळतात. हे कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात स्वच्छ आवाज थोडा कमीच समजावा.

ओहम आधी जुळवा

स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ४, ६ किंवा ८ ओहम लिहिलेले असते. ओहम जितके कमी, तितका अॅम्प्लिफायरवर भार जास्त. १२ व्होल्टचा आवाज देणारा अॅम्प्लिफायर ८ ओहमला दीड अँपिअर करंट देतो, म्हणजे १८ वॅट. ४ ओहम जोडले की करंट ३ अँपिअर आणि ताकद ३६ वॅट होते. फक्त ८ ओहमसाठी बनवलेला अॅम्प्लिफायर तेथे तापतो आणि आयसी जातो. म्हणून अॅम्प्लिफायरवर "कमीत कमी" म्हणून दिलेल्या ओहमपेक्षा खालचा स्पीकर जोडू नये. वरचा जोडल्यास नुकसान नाही, आवाज थोडा कमी येईल इतकेच.

एकाच बाजूला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार ४ ओहमचा होतो, एकापुढे एक जोडले तर १६ ओहमचा. दुकानात चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावणाऱ्यांनी हा हिसाब आधी करावा.

सर्व स्पीकर सारखे भुकेले नसतात

एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ही त्याची संवेदनशीलता. लहान खोक्यांची ती साधारणतः ८४ ते ८८ असते. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते, यावरून एका वॅटचीही किंमत कळेल. परंतु पुढे आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दरवेळी दुप्पट वॅट लागतात. ८६ डेसिबलचा स्पीकर १ वॅटला ८६, २ ला ८९, ४ ला ९२, ८ ला ९५ आणि १६ वॅटला ९८ देतो. तात्पर्य, दहा बाय बाराच्या खोलीला खरे २० ते ३० वॅट भरपूर होतात.

या बाबतीत बीबीसीचे उदाहरण बोलके आहे. आमच्या पिढीने ज्या बीबीसीच्या उर्दू बातम्या शॉर्टवेव्हवर ऐकल्या, तिच्याच इंजिनियरांनी १९७० च्या दशकात रेकॉर्डिंगच्या गाडीत मावेल असा, जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. त्याचे नाव एलएस ३/५ए. तो आधी १५ ओहमचा होता, पुढे ११ ओहमचा निघाला. आवाज इतका खरा की जगभरचे शौकीन आजही तो शोधतात. पण त्याची संवेदनशीलता ८२-८३ डेसिबलच्या आसपास आहे. ८९ डेसिबलचा स्पीकर ५ वॅटमध्ये जितका वाजतो तितके वाजायला ह्याला २० वॅटहून अधिक लागतात. खोका लहान म्हणून अॅम्प्लिफायरही लहान चालेल, हा समज येथे चुकतो.

ट्वीटर का जळतो

मोठ्या अॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो हे सर्वांना माहीत आहे. कमजोर अॅम्प्लिफायरनेही जळतो, हे मला उस्तादांकडूनच कळले. ताकद संपली की अॅम्प्लिफायर आवाजाच्या लाटेचे शेंडे कापतो. कापलेल्या लाटेत बारीक, तीव्र स्वर नव्याने तयार होतात आणि ते सर्व ट्वीटरकडे जातात. ट्वीटरची कॉइल केसासारख्या तारेची असते, ती ही उष्णता सोसत नाही. म्हणून स्पीकरवर लिहिलेल्या खऱ्या वॅटइतका किंवा त्याच्या दीडपटीपर्यंत ताकद असलेला अॅम्प्लिफायर घ्यावा आणि बटणावर हात आवरता ठेवावा. आवाज फाटू लागला की लगेच बटण मागे घ्यावे.

जोडण्यापूर्वीची तपासणी

१) मल्टीमीटरने दोन टोकांमधील ओहम पाहावेत. ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण साडेपाच ते सात, आणि ४ ओहमचा तीन ते साडेतीन दाखवतो. काहीच दाखवले नाही तर कॉइल किंवा तार तुटली आहे.

२) बोटांनी वूफरचा कोन चारी बाजूंनी सारखा, हलकेच दाबावा. खरखर आली तर कॉइल घासते आहे.

३) कोनाच्या कडेची फोमची रिंग पाहावी. पंधरा-वीस वर्षांत ती भुसभुशीत होऊन गळते. ती नवीन बसवता येते. रबराची रिंग अधिक टिकते.

४) दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडावा. धन टोक धन टोकाला लावल्यावर कोन पुढे आला पाहिजे. एक स्पीकर पुढे आणि दुसरा मागे गेला तर तारा उलट आहेत, आणि दोन्ही मिळून वाजताना जाड आवाज नाहीसा होतो.

५) खोक्यातील नेटवर्कचे जुने कंडेन्सर सुकलेले असतात. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्टचा तोच किंवा जास्त.

तीन मोठे धोके

सौदी अरेबियात त्या काळी घरगुती वीज बहुतेक ठिकाणी १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झची होती. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. जुना अॅम्प्लिफायरही वापरायचा असेल तर मागचे व्होल्टेज निवडण्याचे बटण आधी पाहावे. आमच्या एका आप्ताचा सेट याच चुकीने पहिल्या दिवशी जळाला.

दुसरा धोका चार तारांचा. काही जपानी स्पीकरमधून वूफर आणि ट्वीटरच्या तारा वेगवेगळ्या निघतात, कारण आवाजाची वाटणी त्यांच्या मूळ अॅम्प्लिफायरमध्येच होत असे. साध्या अॅम्प्लिफायरला जोडताना ट्वीटरच्या वाटेत नेटवर्क घालणे आवश्यक आहे.

तिसरा धोका मशीद, शाळा किंवा मंगल कार्यालयातील अॅम्प्लिफायरचा. त्यावर ४, ८, १६ ओहमच्या टोकांशेजारी ७० व १०० व्होल्टचीही टोके असतात. ती ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी आहेत. घरचा स्पीकर तेथे लावला की क्षणात गेला.

धंद्याच्या दृष्टीने

भाईजानच्या स्पीकरवर ६ ओहम, ३० वॅट लिहिलेले होते. पुतण्याने दोन्ही बाजूंचे ट्वीटर त्याच ओहमचे नवीन बसवले, कंडेन्सर बदलले आणि टीपीए ३११६ चा बोर्ड लॅपटॉपच्या जुन्या चार्जरवर चालवला. चार्जर १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा, म्हणजे ९० वॅटचा. दोन्ही बाजूंचे ६० वॅट त्यातून सहज निघतात. खर्च माझ्या त्या ३००० वॅटपेक्षा कमी आला. आवाज ऐकून भाभीजान बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता पुतण्या मोबाइलच्या जोडीला हेही काम करतो. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात. मल्टीमीटर आणि सोल्डरिंग लोखंड त्याच्याकडे होतेच. त्याने एक नियम ठेवला आहे. प्रत्येक जोडाबरोबर तो एक चिठ्ठी देतो. मोजलेले ओहम, बदललेले भाग, अॅम्प्लिफायरचे व्होल्ट आणि खरे वॅट, सर्व त्यावर लिहिलेले असते. पीएमपीओ लिहीत नाही. ग्राहकासमोर पंधरा मिनिटे वाजवून मगच माल बांधतो. श्रीरामपूरचे एक गृहस्थ असाच जोड लग्नाच्या मांडवासाठी मागत होते. त्याने सरळ सांगितले, "साहेब, हे खोलीतले स्पीकर आहेत, मांडवात जळतील." ते गिऱ्हाईक गेले, परंतु जळालेला माल घेऊन होणारे भांडणही टळले.

बांधवांनो, माळ्यावरचे स्पीकर भंगारात देण्यापूर्वी एकदा मल्टीमीटर लावून पाहावा. आणि जे हा माल दुरुस्त करून विकतात त्यांनी वॅट सांगताना मीटरपट्टी हातात असल्यासारखे सांगावे. कापडात बोटभर कमी दिले तरी गिऱ्हाईक घरी जाऊन मोजते. वॅट घरी मोजता येत नाहीत, म्हणून ते आपण दुकानातच नीट मोजून द्यायचे.