गरीवरचं गांडूळ

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रेक्झिनच्या कारखान्यात मी २७ वर्षं ‘पेस्ट’ कालवली. पेस्ट म्हणजे पीव्हीसीची पिठासारखी बारीक पूड आणि तेलकट डीओपी यांचं दाट, दुधी मिश्रण. कापडावर पसरून भट्टीतून काढलं की त्याची रिक्षाची सीट होते, साच्यात ओतलं की बाहुली. पुस्तकात त्याला प्लास्टिसोल म्हणतात, पण आमच्या पाळीत तो शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. निवृत्तीनंतर हा पदार्थ पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. तो भेटला अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ॲक्रनला, मुलीच्या गॅरेजमध्ये. माझा पंधरा वर्षांचा नातू त्यातून मासे पकडायची गांडुळं ओतत होता.

माझं बालपण दापोलीकडचं. आम्ही खाडीवर गरवायला जायचो तेव्हा गरीला कोलंबी लावायची, नाहीतर जित्तं गांडूळ. प्लास्टिकच्या गांडुळाला मासा फसतो हे मला पटेना. नातू म्हणाला, “आबा, तो गिळत नाही, आधी तोंडात धरून बघतो. कडक लागलं तर लगेच थुंकतो. मऊ असलं तर जरा जास्त वेळ धरतो. तेवढ्यात झटका द्यायचा.” सगळी गोम त्या ‘जरा जास्त वेळा’त आहे, आणि तो वेळ मिळवायचा तर पेस्ट नीट कालवता यायला हवी.

हा उद्योग ॲक्रनमध्ये दिसावा यात नवल नाही. रबराच्या टायरांवर वाढलेलं हे शहर. इथल्याच गुडरिच कंपनीत १९२६ साली वाल्डो सिमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. पीव्हीसी तेव्हा निरुपयोगी, ठिसूळ पूड म्हणून ओळखली जायची. त्याने ती उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवली. चिकटवायला तिचा उपयोग झाला नाही, पण हातात आला तो लवचिक, उसळणारा गोळा. पुढे १९४९ साली याच गावातल्या निक क्रीम नावाच्या मासेमारीच्या शौकिनाने, पत्नी कॉस्मा हिच्यासह, घरच्या स्वयंपाकघरात व्हिनाइल, तेल आणि रंग शिजवून गांडूळ ओतलं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या मऊ आमिषांचं कूळ तिथवर जातं. एकाच गावात तेवीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी मला तिथल्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा मोलाच्या वाटल्या.

आता शिजवण्याकडे वळू. साबुदाण्याची खिचडी केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. भिजलेला साबुदाणा पांढरा, अपारदर्शक असतो. आच लागली की दाणा फुगतो, काचेसारखा होतो आणि शेजाऱ्याला चिकटतो. इथे साबुदाण्याच्या जागी पीव्हीसीचे कण आणि पाण्याच्या जागी प्लास्टिसायझर. थंड असताना कण द्रवात नुसते तरंगतात. ६०-७० अंशांपुढे ते द्रव पिऊ लागतात, मिश्रण घट्ट होतं, गुठळ्या दिसतात. नवशिक्या इथेच घाबरून थांबतो. थांबायचं नाही. १७० ते १७५ अंश सेल्सिअसला कण एकमेकांत विरघळतात, दुधी रंग जातो आणि भांड्यात पातळ, स्वच्छ, मधासारखा रस उरतो. तो साच्यात निवला की पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये प्लास्टिसायझरचे रेणू अडकून बसतात. साखळ्या एकमेकींवरून घसरू शकतात, म्हणून गांडूळ वळवळतं. द्रव जास्त तर ते लुसलुशीत, कमी तर चिवट.

नातवाची पहिली चूक मी बाटली बघूनच ओळखली. त्याने ती हलवली नव्हती. कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून ठेवलं तर तळाशी कसं दगडासारखं बसतं, तसंच पीव्हीसी बसते. वरचंवरचं ओतून घेतलं की गांडूळ तेलकट आणि लिबलिबीत होतं, आणि बाटलीच्या शेवटाला पोचेपर्यंत रबराची पट्टी. तळ काठीने खरवडून नीट ढवळायचा आणि मग फेस निघून जाईस्तोवर बाटली स्वस्थ ठेवायची. हवेचे बुडबुडे राहिले तर शेपटीत भोकं पडतात आणि शेपटी पहिल्याच माशाच्या तोंडात राहते.

तापवायला तो मायक्रोवेव्ह वापरत होता. गॅरेजमधला, वेगळा. स्वयंपाकाचा वापरायचा नाही, आणि याबाबतीत मुलगी माझ्यापेक्षा कडक आहे. पायरेक्सच्या मापात थोडीच पेस्ट, एक-दीड मिनिट, ढवळणे, मग तीस-तीस सेकंद. रंगाचे थेंब आणि चमकी शेवटी. काही जण बारीक मीठही घालतात. मासा खारट चवीला भुलतो की नाही यावर मी बोलत नाही, पण मिठाची घनता पाण्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून खारवलेलं गांडूळ शिशाशिवाय बुडतं. एवढं कारण मला पुरेसं आहे.

खरा धोका दोनशे अंशांच्या आसपास सुरू होतो. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ती करपू लागली की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो घशातल्या ओलाव्यात मिसळला की आम्लच. रस पिवळा, मग तपकिरी होतो. कारखान्यात भट्टीवर धुरांडं आणि पंखे होते. गॅरेजचं दार मात्र थंडीमुळे बंद होतं. मी ते उघडायला लावलं, पंखा बाहेरच्या तोंडाने लावायला लावला, चष्मा आणि हातमोजे घालायला लावले. आणि मग सत्तावीस वर्षांच्या अनुभवाच्या तोऱ्यात स्वतः हातमोजे न घालता भांडं उचललं.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा होता, आदल्याच दिवशी ओतलेला. वरून कोरडा लागत होता, पण प्लास्टर पोटात पाणी धरून ठेवतं. १७० अंशांचा रस त्याला लागताच त्या पाण्याची वाफ झाली, आणि वाफ व्हायला पाण्याला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. रस उसळून माझ्या डाव्या मनगटावर पडला. तापलेलं तेल ओघळून तरी जातं, हे तिथेच चिकटून बसतं आणि भाजत राहतं. नातवाने न बोलता माझा हात नळाखाली धरला. वीस मिनिटं धरून उभा होता. “पाळीवर कुणी असं केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, आबा?” एवढंच त्याने नंतर विचारलं. काय म्हणालो असतो ते छापण्याजोगं नाही. आता साचे मंद ओव्हनमध्ये तासन्‌तास वाळवून, सील लावूनच वापरतो. शक्यतो सिलिकोनचे.

दुसरा प्रश्न डीओपीचा. आम्ही त्यात कोपरापर्यंत हात घातले, कुणी बोललं नाही. २००८ साली अमेरिकेने मुलांच्या खेळण्यांत हा आणि त्याच्या जातीचे आणखी काही थॅलेट ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असू नयेत असा कायदा केला. आमिष हे खेळणं नव्हे, त्यामुळे त्याला ते बंधन नाही. नातवाची बाटली थॅलेटविरहित आहे. ती महाग पडते, फरक मी देतो. ही द्रव्यं साखळ्यांना पक्की बांधलेली नसतात, पाझरतात. पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत गांडुळं ठेवली की डबीच चिकट होऊन वितळते, ते याच पाझरामुळे. तळ्यात तुटून पडलेल्या तुकड्याचंही तेच, आणि तो तुकडा कुजत नाही. मासे तो गिळतात. २०१३ साली मेन राज्याच्या विधिमंडळात अशा आमिषांवर बंदीचा प्रस्तावही आला होता.

पोर्टेज लेक्सवर आम्ही संध्याकाळी जातो. मनगटावरचा डाग आता फिका झाला आहे. नातवाने खिशात एक काचेची बरणी ठेवायला सुरुवात केली आहे. फाटलेली, शेपूट गेलेली गांडुळं तो त्यात टाकतो, पाण्यात नाही. ती पुन्हा वितळवता येतात, पण प्रत्येक खेपेला उष्णतेपासून राखणारं रसायन खर्ची पडतं आणि रस पिवळा पडत जातो. म्हणून जुन्या मालाला काळा रंग. या उन्हाळ्यात त्या बरणीतून अकरा काळी गांडुळं निघाली. दोन पाण्यातल्या ओंडक्याला अडकून गेली, नऊ अजून आहेत.