चारशे दोन मीटरांचा जमाखर्च

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात नॉर्मल नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे शिक्षक घडविणारे नॉर्मल स्कूल स्थापन झाले आणि त्या संस्थेवरूनच गावास हे नाव पडले; परंतु मक्याच्या अफाट शेतांनी वेढलेल्या या गावाचा उल्लेख जे लोक आज आदराने करतात, त्यांपैकी पुष्कळांचा अध्यापनाशी काडीचाही संबंध नाही. मित्सुबिशीचे तीन हिरे आणि क्रायस्लरचा पंचकोनी तारा यांच्या नावांची सांगड घालून निघालेल्या डायमंड-स्टार मोटर्स या भागीदारीचा कारखाना 1980 च्या दशकाच्या अखेरीस येथे चालू झाला, त्यातून एक्लिप्स, टॅलन आणि लेझर या मोटारी बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या वरच्या प्रतीच्या मोटारींत जे टर्बोयुक्त इंजिन बसविले जाई, त्या 4जी63 या इंजिनाने हौशी ड्रॅग शर्यतींच्या जगात आपला असा एक संप्रदायच निर्माण केला.

कागदावर पाहू जाता या यंत्रात डोळे दिपावेत असे काही नाही. चार सिलिंडर, 85 मिलिमीटरचा बोअर, 88 मिलिमीटरचा स्ट्रोक, एकूण घनफळ 1997 घन सेंटिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, व्हॉल्व्ह सोळा. परंतु ज्या अभियंत्यांनी ते रचले त्यांच्यासमोर रॅलीच्या धोंडाळ वाटा होत्या. म्हणून गॅलंट व्हीआर-4 आणि पुढे 1992 पासून लान्सर इव्होल्यूशन या मोटारींतून हेच इंजिन बर्फात, चिखलात आणि धुळीत धावले, आणि टॉमी मॅकिनेन या फिनिश चालकाने 1996 ते 1999 अशी लागोपाठ चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले ते याच्याच बळावर. अमेरिकेत आरंभी 195 अश्वशक्तीचा करार करून विकल्या गेलेल्या या इंजिनाच्या बिडात निर्मात्यांनी इतकी शिल्लक ठेवलेली होती की हौशी मंडळी त्याच ब्लॉकमधून तिप्पट-चौपट शक्ती काढू लागली.

ही शक्ती खर्च व्हावयाची ती अवघ्या पाव मैलात, म्हणजे 402 मीटरांत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांवर आणि ओस पडलेल्या विमानतळांवर तरुणांनी सुरू केलेल्या या खेळास 1951 साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून नियमांचा बंदोबस्त दिला. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, खांबावरील पिवळे दिवे लागून हिरवा लागतो, आणि दहा-अकरा सेकंदांनी निकालाची चिठ्ठी हाती पडते. आपल्याकडे लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत; पण तिकडे आठवडाभर नोकरी करून शनिवारी स्वतःची मोटार आणणारा सामान्य गृहस्थ हाच या खेळाचा खरा आधार आहे.

माझा एक आतेभाऊ इलिनॉयमध्ये असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उमेदवारी केलेला हा मनुष्य आता आपल्या घरामागील गॅरेजात असे एक इंजिन बांधीत होता, आणि माझ्या तिकडच्या मुक्कामात मला ते काम जवळून पाहता आले. स्टँडवर उलटे टांगलेल्या ब्लॉकपुढे बसून त्याने पहिल्याच दिवशी मला आपल्या जुन्या मिस्त्रींचे वाक्य ऐकविले : "अण्णा, माप घेतल्याबिगर एक बी जिन्नस बसवायचा न्हाई." पुढे जे मी पाहिले ते या वाक्याचे सविस्तर भाष्यच होते.

टर्बोचार्जरचे तत्त्व स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली पेटंटात नोंदविले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबावी, आणि हवा वाढली म्हणून इंधनही वाढवून अधिक शक्ती मिळवावी, इतके ते सरळ आहे. मात्र ही शक्ती कोणी खिरापतीसारखी वाटीत नाही. वातावरणाच्या दाबावर आणखी दोन बार दाब चढविला, तर सत्तावीस अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना दीडशे अंशांच्या वर तापलेली असते. ती इंटरकूलरमध्ये निववली नाही, किंवा ठिणगी किंचित लवकर पडली, तर इंधन आपल्या मुदतीपूर्वीच भडकते आणि त्या नॉकिंगचे घाव पिस्टनच्या माथ्यावर पडतात. वाढविलेल्या प्रत्येक बाराची नोंद कोठे ना कोठे खर्चाच्या बाजूस होतेच. ती कोठे होणार याची तजवीज आधी करणे यालाच इंजिन बांधणे म्हणतात, असे मी तेथे शिकलो.

पहिली फेरतपासणी क्रँकची. 1992 च्या सुमारास या इंजिनात बदल होऊन क्रँकला फ्लायव्हील जखडणारे बोल्ट सहाचे सात झाले, आणि त्या सात बोल्टांच्या वंशास 'क्रँकवॉक' नावाचा रोग जडल्याची कीर्ती पसरली. क्लच दाबला की क्रँक आपल्या अक्षावर पुढे ढकलला जातो. तो भार मधल्या बेअरिंगचे थ्रस्ट तोंड पेलते. ते तोंड झिजले की क्रँक मागेपुढे चालू लागतो आणि अखेरीस ब्लॉकसकट सारेच मातीमोल होते. शर्यतीचा क्लच मूळच्यापेक्षा कडक असल्याने हा भार आणखीच वाढतो. म्हणून जाणते लोक जुना सहा बोल्टांचा ब्लॉक भंगारातून हुडकून आणतात. माझ्या भावानेही तोच आणला होता, तरी डायल गेज लावून त्याने क्रँकची अक्षीय चाल तीनदा मोजली. ती 0.05 ते 0.18 मिलिमीटर यांच्या दरम्यान असावी लागते. तिन्ही वेळा आकडा जुळला तेव्हाच त्याने तो वहीत उतरविला.

बोअर पाडून घेण्याचे काम त्याने यंत्रशाळेकडे दिले, पण एका अटीवर : होनिंग करताना ब्लॉकवर जाड पोलादी पाटा बोल्टांनी आवळलेला असावा. हेड आवळले की सिलिंडरची भिंत सूक्ष्म प्रमाणात वाकते. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल असलेला बोअर आवळल्यावर गोल राहत नाही, म्हणून आवळलेल्या अवस्थेतच तो गोल करावयाचा. मग रिंगांची पाळी आली. घरगुती मोटारीतल्याहून रिंगेच्या टोकांतील फट येथे अधिक ठेवतात, वरच्या रिंगेस अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कारण दाबाच्या उष्णतेने रिंग फुगते, टोके एकमेकांस भिडली की तिला जागा उरत नाही, आणि मग ती पिस्टनचा काठच उपटून काढते. एकेक रिंग सिलिंडरात सरळ बसवून, फट मोजून, बाहेर काढून, कानशीचे दोन हात फिरवून ती पुन्हा बसविण्यात एक संपूर्ण रविवार गेला. मला तो रविवार अतिशय आवडला.

मित्सुबिशीने या इंजिनाची थरथर शमविण्यासाठी क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन समतोल दांडे दिले आहेत. कल्पना सुंदर आहे. परंतु त्यांपैकी एकाचा छोटा पट्टा तुटून टायमिंग पट्ट्यात गुंतला तर व्हॉल्व्ह पिस्टनांवर आदळून वाकतात. शर्यतवाले म्हणून हे दांडे काढून टाकतात, आणि त्यांच्या बेअरिंगा फिरवून तेलाची भोके बंद करतात, नाहीतर मुख्य बेअरिंगांच्या वाट्याचे तेल तेथूनच गळून जाईल. अभियंत्यांनी प्रवाशांच्या सुखासाठी घातलेली वस्तू काढताना माझ्या भावाच्या चेहऱ्यावर थोडी हळहळ दिसली, आणि ती मला योग्य वाटली.

इंधनाच्या बाबतीत मात्र इलिनॉयचा शेतकरी त्याच्या मदतीस आला. तेथे मक्यापासून केलेल्या इथेनॉलचे ई-85 पंपावर मिळते. आपल्याकडे साखर कारखाने उसाच्या रसापासून आणि मळीपासून करतात तेच हे द्रव्य. बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक उष्णता शोषते, त्यामुळे नॉकिंग दूर राहते. परंतु तेवढ्याच हवेस वजनाने सुमारे दीडपट इंधन लागते, म्हणून पंप आणि इंजेक्टर मोठे घ्यावे लागले.

तीन महिन्यांनी, एका शनिवारी, मोटार पट्टीवर उभी राहिली. चारही चाकांनी रस्ता धरून ती जागची सुटली तेव्हा टर्बोची शीळ आणि धुराड्याचा गडगडाट यांत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. चिठ्ठीवर अकरा सेकंदांहून थोडा कमी वेळ होता. भावाने ती घडी घालून खिशात ठेवली, घरी आल्यावर तेल उतरविले, फिल्टरचा पत्रा कापला, आतील कागदाच्या घड्या एकेक करून उलगडल्या आणि ओट्यावर पसरून उन्हात धरल्या. बेअरिंग झिजले असते तर तांबूस कण चमकले असते. पुष्कळ वेळ तो वाकून पाहत राहिला, मग भिंग माझ्या हाती देऊन म्हणाला, "अण्णा, तुम्ही बी एकदा बघा."